ओल्या रंगाचं नाव

आमच्या घरातल्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत, आणि पोट बहुतेक वेळा अर्धं. रंगाऱ्याचं घर म्हणजे काय ते आता सांगायला लागतं, कारण म्हैसूरात आमच्यासारखी मराठी घरं अजून आहेत, पण त्यांतले बहुतेक जण बँकेत, शाळेत, नाहीतर बंगळूरला कॉम्प्युटरवर. मागच्या अंगणात दगडी हौद होते. एकेकाळी त्यांतून आख्ख्या पेठेची लुगडी रंगून निघत असं अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. मी कळती झाले तेव्हा दोनच हौदांत पाणी असायचं. गिरणीचं छापील कापड आलं आणि आमचे सागवानी ठसे माळ्यावर गेले. त्यातला एक, आंब्याच्या कोयरीचा, आई दाराला अडसर म्हणून लावायची. अप्पा लोकांच्या विटलेल्या साड्या परत रंगवून द्यायचे. बैलकुप्पेच्या तिबेटी मठांतून भिक्षूंची फिकी पडलेली वस्त्रं यायची, ती पुन्हा गडद लाल करून द्यायची. एवढ्यावर घर. सकाळी दगडावर कापड आपटल्याचा आवाज, चुलीवर उकळत्या रंगाचा आंबूस वास, आणि त्याच चुलीच्या दुसऱ्या तोंडावर आई नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, घोटत बसलेली. सोबत हुरळीचं, म्हणजे कुळथाचं, सारू. पाहुणा आला की सारू पातळ व्हायचं आणि आई म्हणायची, "मला आज भूकच नाही कणे." मला खूप वर्षं खरंच वाटायचं की आईला भूक कमी लागते.

घरात एक नियम होता, देवघरातल्या सोवळ्यासारखा कडक. ओल्या कापडाच्या रंगाचं नाव घ्यायचं नाही. कापड हौदातून निघालं की ते काहीतरी वेगळंच दिसतं. तिबेट्यांचं लाल तर ओलं असताना सरळ काळं दिसायचं. मी लहान असताना एकदा ओरडले होते, "अप्पा, हे काळं झालं!" तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावर रंगलेला हात ठेवला होता. मारलं नाही, नुसता हात ठेवला. "सुम्ने राहा मरि," म्हणाले, म्हणजे गप्प राहा बाळ. "सावलीत वाळू दे. मग उजेडात नेऊन बघू. मग बोल." रंग वाळायच्या आधी त्याला नाव दिलं तर तो तसाच बिघडतो, असं आमच्यात मानायचे. खरं काय ते देव जाणे. पण त्यामुळे आमच्याकडे कुठल्याच अर्ध्या गोष्टीबद्दल कुणी बोलायचं नाही. मुलीचं लग्न ठरत असलं, कुणी दवाखान्यात असलं, परीक्षेचा निकाल यायचा असला, तर घर गप्प. "वाळू दे," एवढंच.

माझा थोरला भाऊ, त्याला मी अण्णा म्हणायची, कुवेतला एका लाँड्रीत कामाला गेला. रंगाऱ्याचा मुलगा, डाग काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्या जिवावर मी कॉलेजात गेले. हे मी सरळ लिहिते, कारण मी स्वतःच्या हिमतीवर शिकले असं बोलणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. मी अण्णाच्या हिमतीवर शिकले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. राज्यशास्त्र घेतलं, कारण त्या वर्गात शेषगिरी सर शिकवायचे, आणि त्यांच्या तोंडून जगाचा नकाशा ऐकताना मला अंगणातली भिंत दिसेनाशी व्हायची.

सर सरस्वतीपुरमला राहायचे. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात बैठक असायची आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांनी मला तिथे यायला सांगितलं होतं. "शाळू, नुसती ऐकायला येऊ नको," म्हणाले होते, "बोलायला ये." तीन जण कायमचे. एक सर. दुसरे कोडगूचे निवृत्त कर्नल, सीमेवर लढून आलेले, पाठ ताठ आणि आवाज त्याहून ताठ. तिसरे भट, परदेशातल्या आपल्या वकिलातींत आयुष्य काढून परतलेले, दर वाक्याच्या आधी चष्मा पुसणारे. मधल्या टीपॉयवर पश्चिम आशियाचा नकाशा, आणि सरांची बायको ललितम्मा यांनी कॉफी आणली की कर्नलसाहेब रिकामे स्टीलचे पेले नकाशावर मांडायचे. "हे रणगाडे. ही रसद. आता सांगा, भट, तुमचा राजदूत काय करणार?" भट चष्मा पुसत म्हणायचे, "राजदूत आधी तुमचे पेले उचलायला सांगेल. नकाशा ओला होतोय." तेलाच्या किमती, कुणाकडे कुठली क्षेपणास्त्रं, अमेरिका काय करेल, रशियात काय चाललंय, आपण कुणाच्या बाजूला उभं राहावं. सगळं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, आणि मी दोन्ही भाषा मनात मराठीत फिरवून घ्यायची. मला त्या व्हरांड्याचा फार अभिमान होता. घरी येऊन आईला सांगायची, ती मुद्दा घोटत "हं, हं" करायची.

आता टीव्हीवर अशाच चर्चा दिवसरात्र चालतात. चौकटीचौकटीत माणसं बसवलेली, सगळी एकाच वेळी बोलतात, आणि खालून लाल पट्टी धावत असते. मलाही एका कन्नड वाहिनीने बोलावलं होतं. तिथल्या मुलीने आधीच विचारलं, "मॅडम, तुम्ही युद्ध होणार म्हणणार की नाही होणार म्हणणार? त्याप्रमाणे खुर्ची देतो." मी परत आले. सरांच्या व्हरांड्यात निदान ऐकून घ्यायचे.

मग एका सकाळी रेडिओवर बातमी आली की कुवेतमध्ये शेजारच्या इराकचं सैन्य शिरलं. फोन बंद, पत्रं बंद. त्या दिवसापासून मी दोन जगांत राहायला लागले. घरी कुणी अण्णाचं नाव घेईना. तो आहे की नाही, हे अर्धं राहिलेलं काम होतं, आणि अर्ध्या कामाबद्दल आमच्यात बोलत नसत. आई त्याचं ताट घासून उपडं ठेवायची, रोज, कुणी त्यात जेवलेलं नसताना. तिने बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या देवाला नवस बोलला होता, तोही मला पुष्कळ नंतर कळला. आणि सरस्वतीपुरमला मात्र सगळे सगळं बोलत होते. पेले नकाशाभर फिरत होते. कर्नलसाहेबांचं मत असं की हा सगळा दबावाचा खेळ आहे, इराकचं सैन्य थोड्या दिवसांत मागे जाईल, सामान्य माणसाने जागेवरून हलू नये, हलणारा मरतो. भटांचं म्हणणं की ही गाठ सहज सुटणार नाही, मोठं युद्ध होईल. दोघांकडे दाखले होते. मी कर्नलसाहेबांकडे जास्त कान देऊन ऐकायची, कारण अण्णा तिथेच राहिला आणि सगळं शांत झालं तर माझं शेवटचं वर्ष पार पडणार होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

अशाच एका शनिवारी सरांच्या घरातला फोन वाजला. आमच्या गल्लीत फोन नव्हता म्हणून अण्णाकडे हाच नंबर दिलेला. ललितम्मांनी उचलला आणि त्यांच्या हातातली कॉफीची किटली कलली. अण्णा होता. लाँड्रीच्या गाडीतून कसाबसा सीमेपलीकडे बसऱ्याला जाऊन त्याने फोन लावला होता. त्या दिवशी नेमके अप्पा मला न्यायला आले होते आणि पायरीखाली चपला हातात घेऊन उभे होते. सरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं. अण्णा ओरडत होता, मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होतं. "अप्पा, मालक पळाला. दुकान माझ्यावर टाकून गेलाय, सगळं निवळल्यावर भागीदारी देतो म्हणालाय. आपली माणसं बस करून जॉर्डनला निघालीत, तिथून विमान. बस बुधवारी आहे. जाऊ का राहू? इथे काहीच कळत नाही अप्पा. तिथे शाळूच्या सरांकडे मोठी माणसं बसतात ना, त्यांना विचारा!"

अप्पांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. कुणालाच विचारलं नाही. आयुष्यभर जे म्हणत आले तेच म्हणाले. "ताळु मगा, थांब पोरा. घाई करू नको. वाळू दे." आणि लाइन तुटली. कर्नलसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "योग्य सांगितलंत." घरी जाताना अप्पा जरा ताठ चालत होते. मीही.

पंधरवड्याने मंड्याचा एक मुलगा आमच्या दारात आला. तो अण्णाबरोबर एका खोलीत राहणारा. त्याच्या अंगावरचा शर्ट अण्णाचा होता, हे आईने आधी ओळखलं. तो त्या बुधवारच्या बसने निघून, वाळवंटातल्या तंबूत दिवस काढून पोचला होता. "अण्णा बसपाशी आला होता," तो म्हणाला. "त्याची जागा धरली होती मी. दारात उभा राहिला आणि म्हणाला, अप्पांनी थांबायला सांगितलंय. हा शर्ट मला दिला न् परत फिरला. मी निघालो तेव्हाच दुकानाच्या गल्लीत गोळीबार सुरू झाला होता. या येत्या शनिवारी बसऱ्याला जाऊन फोन करतो म्हणालाय. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक बस आहे. त्याच्या पुढचं काही सांगता येत नाही म्हणतात."

आईने त्याला जेवायला वाढलं. अप्पा मागे हौदापाशी गेले ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत.

त्या आठवड्यात बैलकुप्पेहून पेमा नावाचे म्हातारे तिबेटी गृहस्थ वस्त्रं न्यायला आले. ते दर वेळी येऊन पायरीवर बसायचे, त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. अप्पांनी कधी कुणाला घरचं सांगितलं नाही, त्यांना सांगितलं. पेमाअज्ज बराच वेळ वस्त्राची घडी सारखी करत बसले. मग म्हणाले, "आम्ही निघालो तेव्हा अर्धं शेत पेरलेलं होतं. माझा भाऊ म्हणाला, उरलेलं पेरून येतो, तुम्ही पुढे व्हा." बस, एवढंच बोलले. भावाचं पुढे काय झालं ते अप्पांनी विचारलं नाही. ते गेल्यावर अप्पा हौदाच्या काठावर बसले आणि हौदात बुडवलेलं कापड काठीने उगाच वर-खाली करत राहिले. मी पाणी आणत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळू, मी चुकीचं सांगितलं ग त्याला. वाळू दे म्हणालो. पण वाळायला कापड आधी हौदातून बाहेर काढावं लागतं. तो अजून आत आहे." काठी तशीच पाण्यात सोडून त्यांनी रंगलेल्या हातांनी डोळे पुसले. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाटतं त्यांनी स्वतःलाही.

शनिवारी आम्ही तिघंही गेलो. आईसुद्धा. आई त्या घरात कधी आली नव्हती. नवरात्र चालू होतं, राजवाडा दिव्यांनी उजळलेला, बसमध्ये दसऱ्याची गर्दी. सरांच्या हॉलमध्ये गोंबे मांडलेले, राजा-राणीपासून मातीच्या वाण्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, आणि जागा नव्हती म्हणून फोन खाली चटईवर ठेवलेला. ललितम्मांनी आईच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, द्रोण दिला. आई तो तसाच धरून फोनसमोर मांडी घालून बसली. व्हरांड्यात नकाशा होता, पेले होते, आणि कर्नलसाहेब नेहमीसारखे सुरू झाले की आता तर हलूच नये, रस्त्यांवर दोन्हीकडचं सैन्य आहे. भट म्हणाले, मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. "मागच्या वेळी परिस्थिती वेगळी होती!" "परिस्थिती तीच आहे, तुमचे पेले हललेत." दोघांचे आवाज चढले. मी उठले. सरांनी मला बोलायला बोलावलं होतं, आणि दीड वर्षात मी त्या व्हरांड्यात पहिल्यांदा सगळ्यांना थांबवून बोलले.

"सर, थोड्या वेळात माझा भाऊ फोन करेल. मी त्याला तुमची मतं सांगू शकत नाही. दोन आहेत. तुम्हाला आज नक्की काय माहीत आहे, तेवढंच सांगा."

आतून आईच्या बांगड्या वाजल्या. कर्नलसाहेबांनी नकाशावरचे पेले एकेक करून उचलले आणि खाली ठेवले. मग वेगळ्याच आवाजात, जवळजवळ हळू, म्हणाले, "जॉर्डनचा रस्ता आज उघडा आहे. आपली माणसं रोज पोचतायत. हे नक्की. उद्याचं मला माहीत नाही. परवाचं तर मुळीच नाही." मग माझ्याकडे वळून, "मी जे बोलत होतो ते सैन्याबद्दल, मगळे. एका माणसाबद्दल मी विचार केला नव्हता." मगळे म्हणजे मुली. त्यांनी मला त्याआधी कधी तसं म्हटलं नव्हतं. भटांनी चष्मा पुसला नाही. त्यांनी विचारलं, "पासपोर्ट त्याच्याजवळ आहे का? नसणार, मालक घेऊन गेला असेल. नसला तरी निघू दे. कुठलाही कागद असू दे, पत्ता लिहिलेलं जुनं पाकीट, पगाराची चिठ्ठी. जॉर्डनमध्ये आपली माणसं बसली आहेत, ती कागद करून देतात. मीही असे कागद करण्यात रात्री काढल्या आहेत. पासपोर्टसाठी थांबू नको म्हणावं." सर म्हणाले, "हे झालं ज्ञान. बाकीचं आपण पुढच्या शनिवारी बोलू."

फोन आला तेव्हा अप्पांनी उचलला, अण्णाचा आवाज ऐकला, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तू बोल. तू शिकलीस." मी अण्णाला आधी विचारलं, तुला काय दिसतंय? ऐकलेलं सांगू नको, दिसतंय ते सांग. तो म्हणाला, नळाला पाणी दिवसाआड. पावाची रांग पहाटेपासून. आणि शेजारचा बेकरीवाला, जो वर्षानुवर्षं तिथेच राहतो, ज्याचं सगळं तिथेच आहे, त्याने बायकामुलांना काल गाडीत बसवून पाठवलं. "स्वतः?" "स्वतःही जाणार आहे उद्या."

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मला माहीत होतं की मी आता जे बोलणार त्याने माझं कॉलेज बहुधा संपणार. "अण्णा, ओलाच ये," मी म्हणाले. "दुकान सोड. किल्ली बेकरीवाल्याच्या दाराखाली टाक नाहीतर फेकून दे. पासपोर्ट नसला तरी बसमध्ये बस. रस्ता आज उघडा आहे, उद्याचं इथे कुणाला माहीत नाही, आणि इथे सगळे मोठे लोक बसलेत." तो जरा हसला असं मला वाटलं. "अप्पा काय म्हणतात?" मी रिसीव्हर अप्पांच्या तोंडाशी धरला. "निघ मगा," ते म्हणाले. "निघ. बाहेर आल्यावर बघू." आईने हात पुढे केला, पण लाइन गेली होती. तिने रिसीव्हर तरीही कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

त्यानंतरचे दिवस मी लिहीत नाही. विजयादशमीची मिरवणूक निघाली, आम्ही कुणी गेलो नाही. एका दुपारी मी मागे कापड वाळत घालत होते आणि आई पुढच्या खोलीतून ओरडली. शब्द नव्हता तो, नुसता आवाज. दारात अण्णा होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात भटांनी सांगितल्याप्रमाणे पगाराच्या चिठ्ठ्या. आईने त्याला जवळ घेतलं नाही. आधी आत जाऊन त्याचं ताट आणलं, सुलटं केलं, आणि त्याच्यासमोर ठेवलं. अप्पा त्याला हाताला धरून अंगणात घेऊन गेले, उजेडात, आणि खालीवर नीट बघितलं, जसं ते कापडाकडे बघत. मग म्हणाले, "छान आहे." बस. अण्णा कसा आहे याबद्दल एवढ्या दिवसांत घरात बोललेलं ते पहिलं वाक्य.

पुढच्या शनिवारी आम्ही सरस्वतीपुरमला गेलो, अण्णाला घेऊन. कर्नलसाहेब उभे राहिले आणि त्यांनी त्याला सलाम केला, खरा, लष्करी. अण्णा इतका गोंधळला की त्याने त्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. मग तिघांनी त्याला खुर्चीत बसवून विचारलं, काय पाहिलंस ते सांग, आणि तो सांगत असताना कुणी मधे बोललं नाही. नकाशावर त्या दिवशी पेले नव्हते. नंतर तिकडे मोठं युद्ध झालंच. ते रेडिओवर ऐकताना अण्णा उठून बाहेर जायचा.

माझं कॉलेज सुटलं नाही. आमच्या पुढच्या खोलीत अण्णाने लाँड्री काढली, अप्पांचे हौद कपडे धुवायच्या कामाला आले, आणि मी पहाटे इस्त्री करून वर्गात जायची. पुढे मी तोच विषय शिकवला, आंतरराष्ट्रीय संबंध, निवृत्त होईपर्यंत. दर वर्षी पहिल्या दिवशी मुलांना सांगायची की मत नंतर, आधी काय माहीत आहे ते सांगा आणि काय माहीत नाही तेही. मुलं हसायची. आजकालच्या बातम्या बघताना, पुन्हा कुठेतरी कुणाचातरी अण्णा अडकलेला असताना, त्यांतले काही जण मला फोन करतात आणि विचारतात, मॅडम, काय होणार? मी त्यांना विचारते, तुला काय दिसतंय?

त्या युद्धानंतरच्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. निकाल लागला तेव्हा अण्णा घरी होता.